उसना आजार

सेंदाई, १२ जानेवारी १९८४

प्रिय सेत्सु,

बर्फ, गारठा, नववर्षाचे मोची-लाडू हे सगळं तू लिहिशीलच, म्हणून मी थेट भांडणावर येते.

आमच्या कॅन्सर प्रयोगशाळेला यंदा चाळीस वर्षं होतात. त्यानिमित्त स्मरणग्रंथ निघणार आहे आणि मला पत्र आलं आहे: ‘आपल्या संशोधन-जीवनातील हृद्य आठवणी दहा पानांत लिहाव्यात.’ हृद्य. त्या इमारतीत मी उभं आयुष्य काढलं. चोवीस वर्षं नुसती सहायक होते. मी ज्यांना सुई धरायला शिकवलं ती पोरं माझ्या डोक्यावरून प्राध्यापक झाली, आणि पाहुणे आले की चहा मात्र मी करायचा, कारण खोलीत बाई मी एकटी.

तरी लिहिलं. खरं ते लिहिलं, ही चूक झाली.

तुला माहीत आहे, मी जन्मभर एकच प्रश्न विचारला. अंगात जंतू शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी पहारेकऱ्यांसारख्या धावतात. मग गाठ वाढत असते तेव्हा हे पहारेकरी काय करतात? कॅन्सर बाहेरचा चोर नसतो गं, घरातलाच माणूस असतो. पहारेकरी त्याला ओळखतात आणि वाट देतात. त्यांना डिवचायला आम्ही मेलेल्या जंतूंच्या कवचापासून एक औषध काढलं. त्याला आम्ही बारा नंबर म्हणायचो. ते उंदराला आधी टोचा, मग आठवड्याने कॅन्सरच्या पेशी सोडा: उंदीर जगतो. आमचे थोरले प्राध्यापक नाचायचे तेवढे बाकी राहिले. मग मी उलट करून पाहिलं. आधी गाठ, बोटाला लागेल एवढी, आणि मग औषध. उंदीर मेले. एकूण एक मेले. पहिला प्रयोग परदेशात छापला. दुसरा विद्यापीठाच्या पत्रिकेत, जी रद्दीवालासुद्धा उघडत नाही. आता सांग, गाठ व्हायच्या आधी दवाखान्यात कोण येतो? आज ते औषध गावोगाव टोचतात आणि प्राध्यापकांच्या छातीवर पदक आहे.

शेवटच्या वर्षांत मला जे दिसलं ते तर कोणी ऐकूनही घेतलं नाही. गाठ एकदा वाढली की ती स्वतःच पहारेकऱ्यांना झोपवते. त्यांना डिवचून उपयोग नाही, ती झोप मोडायला हवी. कशी, ते मला कळेपर्यंत निवृत्तीचं वय झालं आणि माझे पिंजरे दुसऱ्याला दिले.

हे सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं की उलट प्रयोगाचा परिच्छेद समारंभाला शोभत नाही, वगळावा. त्याऐवजी दर शरदात प्रयोगातल्या प्राण्यांचं जे श्राद्ध होतं त्यावर चार ओळी लिहाल का, वाचकांना भावेल. म्हणजे उंदरांना उदबत्ती लावायची आणि उंदीर जे सांगून मेले ते गाळायचं.

मी वगळणार नाही.

तुझं अल्सरचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले. भात जातो का?

तोमियो

*

हाकोदाते, ३ फेब्रुवारी १९८४

प्रिय तोमी,

बंदरावर वारा असा आहे की काल आमच्या सुक्या मासळीच्या दुकानाची पाटी उडाली ती पोस्टाच्या दारात सापडली. तू हवामानाची ओळ लिहीत नाहीस, म्हणून दोघींची मीच लिहिते.

प्राध्यापिणबाई, किती भांडशील? शाळेत मदर सुपिरियरनी तुला अर्धा दिवस भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं, का तर त्यांच्या बायबलच्या गोष्टीत तारखा जुळत नाहीत म्हणालीस. तेव्हापासून तू भिंतीकडेच तोंड करून उभी आहेस. चार ओळी उंदरांवर लिही आणि मोकळी हो. पण तू लिहिणार नाहीस, हेही मला ठाऊक आहे, आणि लिहिलं नाहीस तर बरंच वाटेल मला.

भात जात नाही, पेज जाते. मी इतकी वाळले आहे की योशिनारी म्हणतो, आई, दुकानात जरा जपून बस, सुकवलेल्या माकुळांत गिऱ्हाईक तुलाही उचलून नेईल. सून हसली नाही. तिला हल्ली विनोद कळत नाही, डोळे पुसत आत जाते. कांदा चिरत होते म्हणते.

दर गुरुवारी दवाखान्यात जाते. दंडाच्या कातडीत एक बारीक सुई देतात, खोल नाही, वरच्या वरच. संध्याकाळी हुडहुडी भरते आणि दुसऱ्या दिवशी तिथे लोणच्याच्या बशीएवढा लाल चट्टा उठतो, मधोमध मेणासारखा पांढरा. डॉक्टर म्हणतात, अल्सरनंतर ताकद भरून यावी म्हणून देतात, चट्टा जितका लाल तितका गुण येतोय समजा. माझा इतका लाल असतो की परवा मी कोंबू शेवाळ विकायला येणाऱ्या बाईला बाही वर करून दाखवला.

काझुए मार्चमध्ये येते म्हणत होती. मी नको म्हणून कळवलं. ब्राझीलहून एवढा खर्च करून यायचं ते आईला पेज पिताना बघायला? सप्टेंबरपर्यंत मी धडधाकट होईन आणि मीच जाईन. चौदा वर्षं झाली. लग्नाच्या वेळी मी तिला जे बोलले, की गेलीस तर मला लेक नाही असं समजेन, ते पत्रातून परत घेता येत नाही, तोमी. कितीदा लिहायला बसले. ते समोर बसूनच परत घ्यावं लागेल. सप्टेंबरात तिच्या मिरीच्या मळ्यात बसून घेईन. तोवर पोर्तुगीज भाषेत नातवंडांना ‘जेवलास का’ कसं विचारतात ते शिकते आहे.

तुझी
सेत्सु

*

सेंदाई, ९ फेब्रुवारी १९८४

योशिनारी,

तुझ्या आईच्या दंडावर जो चट्टा उठतो तो मी ओळखते. माझ्या दंडावर तसले जुने व्रण आहेत. माणसांना टोचण्याआधी आम्ही ते स्वतःला टोचून पाहिलं होतं. ते औषध अल्सरला देत नाहीत. ते एकाच रोगाला देतात.

ऑपरेशनमध्ये काय निघालं, कुठवर पसरलं आहे, किती दिवस सांगितले आहेत, हे मला उलट टपाली कळव. गोड शब्दांत लिहू नकोस. आणि काझुएला कळवलं आहेस का? नसेल तर का नाही? तुझी आई सप्टेंबरच्या गोष्टी करते आहे.

तोमियो हायासाका

*

हाकोदाते, १८ फेब्रुवारी १९८४

आदरणीय तोमियो मावशी,

तुमचं पत्र आलं तेव्हा दुकानात मीच होतो हे बरं झालं. आईच्या हाती पडलं नाही.

पोट उघडलं आणि तसंच शिवलं. आतून सगळीकडे पसरलं होतं. डॉक्टरांनी मला आणि बायकोला वेगळ्या खोलीत बसवून सांगितलं, उन्हाळ्यापर्यंत, फार तर ऑगस्ट. आईला सांगू नका म्हणाले. ते म्हणाले नसते तरी मी सांगितलं नसतं. बाबांच्या वेळी आईनेच आम्हाला हे शिकवलं. त्यांचं फुप्फुस गेलं होतं आणि ती अखेरपर्यंत ‘सर्दी छातीत उतरली आहे’ म्हणत राहिली. आम्हा दोघांकडून तिने तसं वचन घेतलं होतं.

ताईला कळवलेलं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही, ती पहिल्याच विमानाने येईल. आणि ती आली की आई समजून जाईल. ब्राझीलहून लेक धावत येते ती अल्सरसाठी येत नाही, एवढं आईला कळतं. ज्या दिवशी ताई दारात दिसेल त्या दिवशी आई अंथरूण धरेल. म्हणून मीच ताईला लिहितो आहे की आई छान आहे, घाई करू नकोस.

तुम्ही म्हणाल सांगून टाक. तुम्ही विज्ञानातल्या, तुम्हाला जमेल. मला रोज तिच्यासमोर बसून जेवायचं असतं.

एक विचारतो. डॉक्टर म्हणाले की हे औषध सेंदाईच्या प्रयोगशाळेत तयार झालं. मला एकदम धीर आला. मी बायकोला म्हटलं, अगं, हे आपल्या मावशीचं औषध. तुम्ही केलेलं आहे म्हणजे गुण येईल ना?

आपला
योशिनारी नुनोकावा

*

सेंदाई, १ मार्च १९८४

योशिनारी,

नाही. गुण येणार नाही. तुझ्या आईच्या पोटात गाठ आधी आहे आणि सुई मागून आली आहे. मी हे छापलं होतं, कोणी वाचलं नाही. थोडा ताप येईल, थोडी आशा वाटेल. सुई बंद करा असं मी म्हणत नाही. तिला दुसरं मिरवायला काय आहे?

मी तिला स्वतः सांगायचं ठरवलं होतं. पत्रं लिहिली आणि फाडली. ‘सप्टेंबरात’ हा शब्द तिने जसा हात न उचलता लिहिला आहे, तो बघितला आणि माझ्याने पुढे लिहवेना. तेव्हा तुला शिव्या घालायचा माझा हक्क गेला, असं समज.

पण काझुए आलीच पाहिजे. त्यांचं जे व्हायचं राहिलं आहे ते टपालाने होणार नाही.

घोडं अडलं आहे ते एवढ्यावर की तिला यायला कारण हवं आणि ते कारण तुझी आई नसावी. मग मी आहे. मी तिची धर्ममाता आहे. तिच्या बाप्तिस्म्याच्या वेळी ती माझ्या एकुलत्या एक रेशमी किमोनोवर ओकली होती, तेवढं नातं पुरे. आईला सांग: तोमियोला पोटाचा कॅन्सर आहे, तिला कोणी नाही, आणि तिला हे सांगितलेलं नाही. काझुएलाही तेच कळव, खरं मी तिला इथे आल्यावर सांगेन. माझ्यासाठी आलेली लेक आईला भेटणारच. कोणाला संशय येणार नाही.

नन्सनी आठ वर्षं घोकून घेतलं की खोटं बोलणाऱ्याची जीभ काळी पडते. प्रयोगशाळेत खोटं चालू दिलं नाही म्हणून माझी बढती गेली. आता चौसष्टाव्या वर्षी शिकते आहे. तू मात्र या कामात मुरलेला आहेस, तेव्हा नीट कर.

तोमियो

*

हाकोदाते, २८ मार्च १९८४

प्रिय तोमी,

इकडे बर्फ वितळू लागलं आहे. रस्त्यात नुसता चिखल.

योशिनारीकडून कळलं की तुझं पोट दुखतं आणि तपासायला गेली होतीस. अल्सर आहे म्हणे. मग त्यात काय? मलाही अल्सरच होता की. आपल्या दोघींचं पहिल्यापासून असंच, शाळेत गोवरसुद्धा आपल्याला एकाच आठवड्यात आला होता. अल्सर म्हणजे काही विशेष नसतं. मी अनुभवाने सांगते. वजन उतरतं, त्याची काळजी करू नये. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन नातेवाइकांशी बोलतात, त्यांची तशी पद्धतच असते. रात्री नाही नाही ते मनात येतं, येऊ देऊ नये.

तू प्रश्न फार विचारतेस. यावेळी विचारू नकोस, माझं ऐक. डॉक्टर म्हणतील ते खरं मान. आणि तू म्हणतेस ते तुझं औषध, ज्याच्यावर तू एवढी रागावलेली असतेस, ते जर त्यांनी तुला द्यायचं ठरवलं तर भांडू नकोस. अल्सरलाही देत असतील, कोण जाणे. माणसाने आपल्या हातच्या गोष्टीवर थोडा विश्वास ठेवावा. मी आंबवलेलं माकूळ कधी चाखून बघत नाही, तरी चांगलंच होतं.

एक आनंदाची बातमी. काझुए येते आहे. सहजच, बऱ्याच वर्षांत आली नाही म्हणून. मीच तिला म्हटलं की आधी सेंदाईला उतर आणि मावशीकडे राहा. तुझ्या घरात साधी धड कढई नाही, तुला पथ्याचं कोण करून घालणार? तिला तुझ्याकडेच ठेवून घे. महिना, दोन महिने. मला इथे सून आहे, मुलगा आहे, गुरुवारची सुई आहे. मला काय कमी आहे?

कधी नव्हे ते खूप खूप प्रेम,
सेत्सु

*

सेंदाई, २४ एप्रिल १९८४

प्रिय सेत्सु,

काझुए पोचली. उन्हाने काळवंडली आहे, आवाज मोठा झाला आहे, आणि पहिल्या दिवशी तिने माझ्या स्वयंपाकघराची जी निंदा केली ती थेट तुझ्या तोंडची होती.

माझा अल्सर बरा आहे. मला कोणी उशाशी बसायला नको. माणसं उशाशी बसली की मला पुस्तक वाचता येत नाही. तेव्हा तिला परवाच्या गाडीने तुझ्याकडे पाठवते आहे. सप्टेंबरची वाट बघण्यात अर्थ नाही, लेक दारात आली आहे तर बोलायचं ते बोलून घे. महिनाभर तरी ठेवून घे. हे मी विनंती म्हणून लिहिते आहे, आणि मी विनंत्या किती करते ते तुला माहीत आहे.

तोमियो

*

हाकोदाते, ७ मे १९८४

प्रिय तोमी,

चेरी फुलली. किल्ल्याच्या बागेत मात्र गेले नाही, खिडकीतून जेवढी दिसते तेवढी पाहिली.

काझुएला मी परत पाठवते आहे. दहा दिवस राहिली, पुष्कळ झाले. माझ्यावर रागावू नकोस. पोरगी इथे नुसती रडवेली बसून होती. मी बोललं की तोंड फिरवायची. तिचा जीव तुझ्यात अडकला आहे हे मला दिसत होतं. मग मी तिच्याजवळ तो विषय कसा काढू? तुझ्यासारखीचं दुखणं बाजूला सारून माझं जुनं भांडण काढून बसायचं? ते सप्टेंबरात. तेव्हा मळ्यात निवांत बोलू. आता ती तुझ्याकडे हवी. ती म्हणाली, आई, मी इथेच राहते. मी तिला सरळ सांगितलं की धर्ममाता एकटी असताना तू माझ्या पेजेवर पहारा देणार असशील तर तुला मी नीट वाढवलं नाही. तिची बॅग मी भरली. सुकवलेलं माकूळ ठेवलं आहे, पण ते तिच्यासाठी. तू खाऊ नकोस.

अक्षर वाकडं येतं आहे ते टेकून लिहिते म्हणून.

आणि माझीही चांगली बातमी आहे. आता दंडावर काहीच उठत नाही. गेल्या दोन गुरुवारी सुई दिली तिथे साधी लालीसुद्धा नाही, ताप नाही, हुडहुडी नाही. कातडी कशी नितळ, कोवळी. औषधाचं काम संपलं असणार. आता त्याला भांडायला काही उरलंच नसेल, नाही का? तू जाणकार, तूच सांग. पण बरी झाल्यावर सांग.

सेत्सु

*

सेंदाई, ११ मे १९८४

योशिनारी,

आईच्या दंडावर चट्टा उठत नाही, हे डॉक्टरांनी तुला सांगितलं का? सांगितलं नसेल तर मी सांगते. आयुष्यात मला नक्की माहीत आहेत अशा ज्या थोड्या गोष्टी आहेत त्यांतली ही एक. सुईला कातडी लाल होते ती औषधाने नव्हे, आपल्याच पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात म्हणून होते. आता धावून यायला कोणी उरलेलं नाही. पहारा उठला. मी हे पिंजऱ्यापिंजऱ्यातून पाहिलं आहे. आता ऑगस्टची वाट पाहू नका.

माझी युक्ती माझ्यावरच उलटली. तुझी आई एवढी चांगली आहे हे मी हिशेबात धरलं नव्हतं. काझुए इथे माझ्यासमोर बसून रडते आहे आणि मी ठणठणीत आहे.

तेव्हा आम्ही दोघी येतो. आजारी माणूस काझुएसकट उचलून तुमच्या घरी आणायचा, एवढाच मार्ग राहिला आहे. माझं अंथरूण आईच्या शेजारी घाल. सोबतची चिठ्ठी तिला दे. आणि मला दिवसातून एकदा, कुठेतरी मालाच्या कोठीत, पोटभर जेवण मिळेल अशी व्यवस्था कर.

तोमियो

(सोबतची चिठ्ठी)

सेत्सु, मला इथे एकटीला भीती वाटते. तू जवळ असावीस असं वाटतं. काझुए मला बोटीने घेऊन येते आहे. नाही म्हणू नकोस. तोमी

*

साओ पाउलो, २ सप्टेंबर १९८४

प्रिय मावशी,

आईच्या मृत्यूनंतरचा एकोणपन्नासावा दिवस आज इथे पाळला. जपानी वस्तीतल्या भिक्षूंनी सूत्र म्हटलं. आईचा बाप्तिस्मा झालेला नव्हता आणि माझा तुमच्या शाळेतल्या नन्सच्या आग्रहाने झाला आहे, म्हणून मी मागे उभी राहून आपल्या प्रार्थनाही म्हटल्या. कोणती कुठे पोचेल ते पोचो.

तुम्ही केलंत त्याबद्दल मी विमानतळावर काही बोलले नाही. आता लिहिते. ते आठ आठवडे मला मिळाले. आई तुमच्या पेजेत मीठ किती घालायचं यावरून माझ्यावर ओरडायची आणि मी ओरडून घ्यायची. जूनमध्ये एका दुपारी तिच्या पायांना तेल लावत होते, तेव्हा ती छताकडे बघत म्हणाली, ‘मला लेक नाही असं म्हणाले होते, ते खरं नव्हतं.’ एवढंच. मग लगेच म्हणाली, डाव्या पायाला जास्त लाव. चौदा वर्षं मी त्या वाक्यासाठी थांबले होते, मावशी.

एक मात्र मला छळतं. शेवटच्या रविवारी तिने मला मुद्दाम टरबूज आणायला पाठवलं. तिला गिळता येत नव्हतं, टरबूज कशाला हवं होतं? मी परत आले तर ती झोपलेली, आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसला होता. तुम्हाला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्यानंतर ती शुद्धीवर आलीच नाही. तिला कळलं होतं का? तुम्ही सांगितलंत का तिला? मी रागावणार नाही. मला फक्त माहीत असायला हवं.

तुमची
काझुए

*

सेंदाई, १९ सप्टेंबर १९८४

प्रिय काझुए,

मी तिला सांगितलं नाही. तिला कळलंही नाही. आता जे झालं ते लिहिते आणि तू ते योशिनारीला सांगू नकोस, तो आधीच दुकानात गप्प गप्प असतो असं ऐकते.

इथलं म्हणशील तर, स्मरणग्रंथ आला. जाड आहे, कागद उत्तम आहे. मी परिच्छेद वगळला नाही, म्हणून त्यांनी मला वगळलं. प्राण्यांच्या श्राद्धाचा एक फोटो आहे, त्यात शेवटच्या रांगेत माझं अर्धं डोकं दिसतं. बारा नंबरवर चाळीस पानं आहेत. तुझ्या आईने ती कौतुकाने वाचली असती. मी वाचली आणि ग्रंथ कपाटात उभा ठेवला. मधे एकदा वाटलं की माझा झोपलेल्या पहारेकऱ्यांचा प्रयोग पुन्हा एकदा नीट लिहून काढावा. कोणी तरी कधी तरी हीच वाट चोखाळेल, त्याला निदान वाटेत पाऊल दिसेल. लिहिते आहे. हळूहळू होतं.

त्या रविवारी तिला सकाळपासून शांत वाटत होतं. शेवटी शेवटी तसं होतं, मी त्याला भुलले नाही. तिने तुला टरबुजासाठी पाठवलं, सुनेला म्हणाली खाली गिऱ्हाईक बघ, आणि मग मला म्हणाली, दार सरकव आणि जवळ ये. मी माझ्या अंथरुणातून उठले. आजारी माणसासारखी उठले, तेवढं आता सवयीने जमत होतं. तिने माझी बाही वर केली आणि माझा दंड बघितला, नंतर स्वतःचा बघितला. माझा हात सोडला नाही.

आधी ती तुझ्या वडिलांबद्दल बोलली. म्हणाली, त्यांना मी सर्दी सर्दी म्हणत राहिले आणि ते शेवटचे चार दिवस माझ्या तोंडाकडे नुसतं बघत होते. मला तेव्हा वाटलं, पाणी मागताहेत. त्यांना विचारायचं होतं. मी पाणी पाजलं.

मग म्हणाली, ‘तोमी, तुला अल्सर नाही. तुला कॅन्सर आहे. सगळ्यांनी मला गप्प राहायला सांगितलं. पण तू जन्मभर खऱ्यासाठी भांडलीस, आणि मी तुझ्याशी खोटं बोलत तुझ्या शेजारी झोपते, हे मला सहन होत नाही.’

काझुए, माझ्या समोर दोन वाक्यं होती. एक म्हणजे, मला नाही, तुला आहे. ते माझ्या जिभेवर आलं होतं. मी साऱ्या आयुष्यात खरं गिळलं नाही, प्राध्यापकांसमोर नाही, मदर सुपिरियरसमोर नाही. मी तिच्याकडे बघितलं. एवढ्या महिन्यांत तिने जमवलेलं सगळं बळ त्या एका वाक्यात संपवलं होतं, आणि ते माझ्यासाठी संपवलं होतं. तिच्याकडे दुसरं काही ऐकायला बळ उरलं नव्हतं.

मी म्हणाले, ‘बरं झालं सांगितलंस.’

तिने डोळे मिटले. मला वाटलं, झोपली. थोड्या वेळाने तसेच डोळे मिटलेले ठेवून तिने विचारलं, ‘घाबरलीस?’

मी म्हणाले, ‘हो.’

‘घाबरू नकोस,’ ती म्हणाली. ‘मी आहे ना.’

तोमियो